उचलायचं नंतर बघू, आधी आत जाऊ दे

बेळगावच्या खडेबाजारातल्या टूलच्या दुकानात मोटरसायकलसाठी जॅक मागितला की पहिला प्रश्न ठरलेला: किती टनाचा देऊ? मी म्हटलं, गाडी सगळी मिळून १८० किलोच्या आसपास आहे. मालकांनी काउंटरखालून दोन टनाचा बाटली जॅक काढून समोर ठेवला. "ह्यो घ्या. छोटा हत्ती उचलतंय ते, तुमच्या गाडीचं काय घेऊन बसलाय." मी खिशातून टेप काढून लावली. पूर्ण मिटलेल्या जॅकची उंची १८ सेंटीमीटर. माझ्या गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा १४ सेंटीमीटर.

"उचलंल हो, पण आत कुठनं घालू?"

"मग खड्डा काढा की," मालक म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

जॅक विकणारे टन सांगतात, विकत घेणारेही टनच विचारतात. मोटरसायकलसाठी म्हणून जे जॅक मिळतात ते बहुतेक पाचशे किलोचे नाही तर त्याच्या पुढचेच असतात, आणि आपल्याकडे रस्त्यावर दिसणारी कुठलीही गाडी त्याच्या आतच बसते. तेव्हा टनाचा विषय तिथंच संपला. बुटक्या गाडीवाल्यानं विचारायचा आकडा एकच: मिटलेल्या अवस्थेत जॅक जमिनीपासून किती उंच? तोही वरचं रबर, पॅड, जे काही असेल ते धरून. खोक्यावर हा आकडा बारीक अक्षरात असतो, किंवा नसतोच. म्हणून टेप घेऊन जा. दुकानदार हसतात, हसू देत.

माझी गाडी जावा पेराक. बॉबर, बसायला खाली, कंपनीच्या कागदावर सीट ७५० मिलिमीटर आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, १४५. तक्रार काही नाही, बुटकी गाडी पाहिजे होती म्हणूनच घेतली. पण माझ्या गाडीला मधला स्टँड नाही, फक्त साइड स्टँड आहे. शेजारच्या स्प्लेंडरवाल्याला किंवा बुलेटवाल्याला जॅकची गरज का पडत नाही, तर पायानं मधला स्टँड दाबला की मागचं चाक अधांतरी. आम्हाला ती सोय नाही. त्यात चाकं तारांची, म्हणजे आत ट्यूब. ट्यूबलेस असतं तर पंक्चरची पट्टी कोंबून, हवा भरून मोकळं होता आलं असतं. ट्यूब असली की बहुतेक वेळा चाक काढायलाच लागतं.

बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्यांना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा रस्ता पाठ असतो. आमची टोळी तिकडेच जाते. पावसाळ्यात त्या वाटेवरून आलं की चेनवर लाल चिखलाचा थर बसतो, आणि तो वाळला की चेन कुरकुरायला लागते. चेन नीट धुऊन तेल लावायचं तर मागचं चाक हातानं फिरायला पाहिजे. ते जमिनीला टेकलेलं असेल तर गाडी वीतभर पुढं ढकला, खाली बसा, तेवढाच तुकडा घासा, उठा, परत ढकला. आमचं पोर्च दहा फुटांचं. त्याच्या पुढं गटार.

एकदा कणकुंबीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. तिथल्या पंक्चरवाल्या मामांनी जॅकबिक काही शोधला नाही. गाडी साइड स्टँडवरच डावीकडं अजून कलंडवली, पोरानं उजव्या बाजूनं फ्रेमखाली लाकडी ओंडका सारला, वर एक चपटा दगड. चाक मोकळं. दहा मिनिटांत ट्यूब बाहेर. रस्त्यावर हे चालतं आणि मामांच्या हातांना त्याची सवय आहे. पण त्या वेळी सगळं वजन साइड स्टँडच्या एका बोल्टवर आणि त्याच्या कानावर येतं. घरी दर पंधरवड्याला त्या बोल्टवर गाडी झोपवायला माझं मन तयार नव्हतं. म्हणून जॅक.

आता मोजायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत इथंच आहे.

कागदावरचे १४५ म्हणजे गाडी सरळ उभी असताना. गाडी साइड स्टँडवर असते तेव्हा ती डावीकडं कललेली असते. माझ्या गाडीला इंजिनाखालून फ्रेमच्या दोन नळ्या जातात, जॅक लावायचा तो त्या नळ्यांनाच. सरळ धरल्यावर दोन्हीखाली १४० मिलिमीटर भरले. स्टँडवर टेकवल्यावर उजवीकडची नळी वर गेली, १६० च्या आसपास, आणि डावीकडची खाली आली, १२० च्या जवळ. म्हणजे एकटा माणूस गाडी स्टँडवर ठेवून जॅक आत घालणार असेल तर त्याचा खरा आकडा १२०. कागदावरचे १४५ तिथं काही कामाचे नाहीत. जॅक उजवीकडून सरकवायचा, कारण तिकडं तोंड मोठं असतं, पण अडतो तो पलीकडच्या नळीला.

हे मोजताना इंजिनाखालचा ऑइलचा ड्रेन बोल्ट नळ्यांच्या वर राहतो की खाली डोकावतो, तेही बघून घ्या. खाली येत असेल तर सपाट पाटीचा जॅक आधी त्या बोल्टला लागणार, आणि सगळी गाडी त्या बोल्टावर उभी राहणार. सायलेन्सरचे पाइपही बघा, काही गाड्यांत ते नळ्यांच्या खालून आडवे जातात. आणि काही गाड्यांना इंजिनाखाली नळ्याच नसतात, इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो. तशी गाडी असेल तर जॅक कुठं लावायचा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय खाली काही सारू नका. ॲल्युमिनिअमचं पोट असतं ते.

दोन नळ्यांमधलं अंतरही लिहून ठेवा. बाहेरून बाहेर माझं २०० भरलं. जॅकची पाटी त्यापेक्षा अरुंद असली तर ती दोन नळ्यांच्या मधून वर जाते आणि नको तिथं टेकते.

मोजून झाल्यावर पहिल्यांदा मेव्हण्याच्या गॅरेजमधला मोटारीचा ट्रॉली जॅक आणून बघितला. आपल्याकडं फ्लोअर जॅक म्हटलं की तोच डोळ्यासमोर येतो, लांब दांड्याचा, चार लोखंडी चाकांचा. हा मिटून १३५. उजव्या नळीखालून ऐटीत गेला आणि डाव्या नळीपाशी थांबला. मेव्हण्यानं गाडी सरळ धरली तेव्हा आत गेला. पण त्याची वाटी तळहाताएवढी गोल, ती दोन नळ्यांना पुरत नाही. वर फळी ठेवावी तर उंची वाढली, परत आत जाईना. एवढ्याशा वाटीवर दोन चाकांची गाडी तोलायची म्हणजे दहीहंडीचा वरचा थर. ट्रॉली जॅकची अजून एक खोड आहे. त्याचा हात मागच्या टोकाला खिळीवर फिरतो, त्यामुळं वाटी सरळ वर न जाता कमानीत जाते. मोटारीखाली त्याचं काही वाटत नाही, जॅकची चाकं तेवढी सरकतात आणि हिशेब जुळतो. मोटरसायकलला तो बाजूनं लावलेला असतो. म्हणजे वाटी जी सरकणार ती आडवी, गाडी पडायच्या दिशेनं. आमच्या पोर्चमध्ये शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यात जॅकचं एक चाक अडकलं आणि जॅक सरकायच्या ऐवजी गाडी सरकायला लागली. मेव्हणा म्हणाला, "भावा, सोड खाली." सोडला. लो प्रोफाइल म्हणून ७५-८० मिलिमीटरपासून सुरू होणारे ट्रॉली जॅकही मिळतात, उंचीचा प्रश्न ते सोडवतात. कमान आणि वाटी आहे तिथंच राहते.

मग कोल्हापूरला कामासाठी गेलो होतो तेव्हा पायानं पंप करायचा मोटरसायकल जॅक बघितला. दोन लांब हात, वर रबरी पट्ट्या, मागं दोन पेडल, एक चढवायचं, एक उतरवायचं. दिसायला देखणा. दाबला की गाडी लिफ्टमध्ये बसल्यासारखी सरळ वर येते, कमानबिमान नाही. हात रुंद, नळ्या आरामात बसतात. मिटून ११५, पण ते लोखंडापर्यंत. रबरासकट १३०. म्हणजे एकट्यानं घालायचं नाव नको.

आमच्या गल्लीतले एक काका उद्यमबागेत हैड्रोलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या, कारखान्यात आयुष्यभर काम करून निवृत्त झालेत. बेळगावात असा माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतो, फौंड्रीचा नाही तर हैड्रोलिकचा. त्यांना फोटो दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "लॉक कुठल्या उंचीला बसतंय?"

मला प्रश्न कळला नाही हे त्यांना कळलं. म्हणाले, "अरे, तेलावर गाडी उभी ठेवून तू हात घालणार काय खाली? सील आहे ते, आज धरतंय, उद्या सोडतंय. चढवायचं तेलानं, उभं करायचं लोखंडावर. लॉकचा दांडा पहिल्या खाचेत बसायला जॅक किती वर यायला लागतो ते बघ. तुझं काम त्याच्या खालीच होत असेल तर लॉकचा काय उपयोग?"

चेन धुवायला माझं चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं तरी पुरतं. जो जॅक बघितला होता त्याचा लॉक बराच वर गेल्यावर लागत होता. गाडी उगीच उंच करायची, आणि उंच गेली की डुलणार.

काकांनी विषय निघालाच म्हणून अजून दोन गोष्टी सांगितल्या. नवा हैड्रोलिक जॅक आणला आणि तो पंप मारूनही नीट चढत नसेल तर बिघडलाय म्हणून परत करायला धावू नये, वाहतुकीत आडवा-तिडवा पडून आत हवा शिरलेली असते. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून, वजन नसताना भराभर पंप मारायचे, मग व्हॉल्व्ह बंद करून बघायचं. आणि तेल कमी झालं तर हैड्रोलिकचंच घालायचं. ब्रेक ऑइल घरात असतं म्हणून लोक ते ओततात, त्यानं आतली सील फुगून खराब होतात. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की कुणीतरी त्यांच्या कारखान्यातच ते ओतलंय.

शेवटी घेतला तो कात्री जॅक. सिझर लिफ्ट म्हणतात तो. खाली चौकोनी बैठक, वर रबर चिकटवलेली पाटी, मध्ये कात्री, आणि एक आडवा स्क्रू जो बॉक्स पान्यानं फिरवायचा. तेल नाही, सील नाही. स्क्रूचे आटे इतके बारीक की पाना सोडला तरी गाडी जिथं आहे तिथंच राहते, वजनानं उलटा फिरत नाही. हाच त्याचा लॉक, कुठल्याही उंचीला. मिटून ९५, पूर्ण उघडल्यावर ३७०. वरचं कारखान्याचं रबर काढून टाकल्यावर अजून थोडा खाली. पायपंपवाल्याच्या निम्म्याहून कमी पैशात आला.

वरची उंची पुरेल का, हा हिशेब आधी करून ठेवला होता. नळी जमिनीपासून १४० वर. जॅक चढायला लागला की चाक लगेच सुटत नाही, आधी मागचा शॉक आणि पुढचे फोर्क मोकळे होतात, त्यात दोन-तीन सेंटीमीटर जातात. मग मागचं चाक मडगार्डखालून बाहेर ओढायचं तर अजून तेरा-चौदा सेंटीमीटर धरा. सगळं मिळून ३१०. तेव्हा ३७० भरपूर झाले. तुमचं मडगार्ड खोल असेल तर हा आकडा वाढेल, तुमच्या गाडीवर मोजा.

कात्री जॅकचं एक वैशिष्ट्य कुणी सांगत नाही. तो मिटलेला असतो तेव्हा कात्रीचे हात जवळजवळ आडवे असतात, आणि त्या अवस्थेत वजन वर ढकलायला स्क्रूवर सगळ्यात जास्त जोर लागतो. जसजसे हात उभे होतात तसतसा पाना हलका होतो. म्हणजे बुटक्या गाडीवाल्यासाठी पहिले फेरेच सगळ्यात जड, कारण आपण सुरुवातच तळापासून करतो. दुकानात रिकामा जॅक फिरवून बघितला तर बोटानं फिरतो, त्यावर जाऊ नका. लांब दांड्याचा पाना घ्या, स्क्रूला आणि खिळ्यांना ग्रीस द्या. आणि पाना फिरवायला बाजूला जागा आहे का बघा. माझ्या पोर्चमध्ये भिंत होती, त्यामुळं गाडी उलट तोंडानं लावायला लागते.

पाटी सपाट, नळ्या गोल. रबरावर नळ्या टेकतात खऱ्या, पण पाना ओढला की गाडी पाटीवर अंगुळभर सरकते, ते मला आवडेना. उद्यमबागेत ओळखीच्या लेथवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं नायलॉनच्या दांड्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात. त्यातले दोन त्यानं २५ मिलिमीटर जाडीला सपाट करून मिलिंगवर वरच्या अंगाला अर्धगोल खाच पाडली, नळी निम्मी आत बसेल इतकी खोल. खाचेच्या तळापासून खाली उरले १२. म्हणजे ठोकळा २५ चा असला तरी नळीखालची उंची वाढली १२ नंच. खालून दोन काउंटरसंक स्क्रूनं पाटीला धरले, डोकी आत गेल्यामुळं जॅक मिटताना कुठं घासत नाही. सगळं मिळून १०५ च्या आसपास, आणि माझा अडणारा आकडा १२०. लेथवाल्यानं पैसे विचारल्यावर "चहा पाज की" म्हणाला, पण शेवटी घेतले. लाकडाचे ठोकळेही चालतात, फणसाचे किंवा बाभळीचे. फक्त ते दाबून चेपतात आणि पावसाळ्यात फुगतात.

आता लावताना असं करतो. पहिला गिअर टाकायचा. जुन्या ट्यूबची रबरी पट्टी पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर दोन वेढे देऊन बांधायची, म्हणजे पुढचं चाक हलत नाही. जॅक उजवीकडून आत. नळी खाचेसमोर आली की नाही ते बघायला फरशीवर गाल टेकवून मोबाइलचा टॉर्च मारायचा, दुसरा मार्ग नाही. मग डावा हात हँडलवर आणि उजव्या हातानं पाना. डावी नळी आधी टेकते. पुढच्या फेऱ्यांत गाडी हळूहळू स्वतःच सरळ व्हायला लागते, साइड स्टँडचा पाय फरशीवरून सुटतो, आणि मग उजवी नळी खाचेत बसते. हा बसण्याचा क्षण हँडलवरच्या हाताला कळतो, गाडीचं डुलणं एकदम थांबतं. तोवर हात काढायचा नाही. बायको घरी असेल तर ती गाडी मागून धरते आणि "झालं काय?" असं दर फेऱ्याला विचारते.

मागचं चाक काढायचं असेल तर ॲक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करून ठेवायचा. जॅकवर चढवून मग त्या नटावर जोर मारणारा माणूस मी बघितलाय, गाडी कशी हलते ते बघून मीच लांब सरकलो. आणि चाक निघालं की मागचं वजन कमी होतं, गाडी पुढं झुकते. पुढचं काढलं तर उलटं. म्हणून मागचं काढताना जॅक थोडा पुढच्या अंगाला आणि एक सामानाचा पट्टा हँडलपासून पोर्चच्या खांबाला. पट्टा ताणून नाही, नुसता धरून ठेवायला.

जागा अजून कमी असेल आणि जॅक अगदी थोडक्यात अडत असेल तर १८ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे दोन्ही चाकांखाली आणि एक साइड स्टँडखाली घाला. गाडी १८ नं वर गेली, जॅक फरशीवरच राहिला. नवा जॅक घेण्यापेक्षा हे स्वस्त. गावाकडं मातीच्या अंगणात काम असेल तर प्लाय जॅकखालीही पाहिजे, नाही तर पावसाळ्यात जॅकच खाली जातो आणि गाडी आहे तिथंच.

पॅडॉक स्टँडबद्दल, म्हणजे मागून अडकवून मागचं चाक उचलणाऱ्या स्टँडबद्दल, पुष्कळांनी विचारलंय. नुसती चेन धुवायची असेल तर चांगला आहे. पण तो स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हाताला, लागतो, पुढचं चाक उचलत नाही, आणि गाडी सरळ धरून एकट्यानं तो लावायला जरा सराव लागतो. माझ्या कामाला पुरला नसता.

निपाणीच्या मित्रानं सुपर मीटिअर ६५० घेतलीय, २४१ किलो, ग्राउंड क्लिअरन्स १३५. त्याचा फोन आला, तुझा जॅक दोन दिवस दे. त्याला म्हटलं, वजनाचं काही नाही, जॅक पाचशे किलोचा आहे. पण माझे ठोकळे माझ्या नळ्यांच्या मापाचे आहेत, तुझ्या गाडीखाली काय आहे आणि तिथं काय टेकवायचं ते आधी शोरूममध्ये विचारून घे. मग साइड स्टँडवर लावून डावीकडचा सगळ्यात खालचा भाग मोज आणि फोटो पाठव. फोटो आलाय, त्यात टेप दिसते पण आकडा नाही. रविवारी तो गाडीच घेऊन येतोय.